निम्मं न होणारं अंडं

टेक्सासच्या दक्षिण टोकापासून ईशान्य मेक्सिकोपर्यंतच्या संथ ओढ्यांत, कालव्यांत आणि उथळ डबक्यांत बोटाएवढी एक मासोळी राहते. रंग राखाडी, रूप साधं. तिच्या जातीत नर नाही. माद्या फक्त माद्यांना जन्म देतात, त्या लेकी पुन्हा लेकींनाच. कार्ल हब्ज आणि त्यांच्या पत्नी लॉरा हब्ज यांनी १९३२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ही हकिगत मांडली, तेव्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतही असं घडू शकतं हे जगाला पहिल्यांदा कळलं. ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या स्त्रियांवरून तिला ॲमेझॉन मॉली म्हणतात. त्या नावाच्या नदीशी तिचा काही संबंध नाही. आपल्याकडे दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत जे काळे मॉली मासे फिरताना दिसतात, त्यांची ही जवळची नातेवाईक.

हब्ज दांपत्यानं आणखी एक गोष्ट तेव्हाच ओळखली होती. ही मासोळी दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आलेली आहे. पुढे जनुकांच्या तपासणीनं तिचे आईबाप नक्की झाले: आई अटलांटिक मॉली, वडील सेलफिन मॉली. या संकराला आता सुमारे एक लाख वर्षं झाली असावीत. एवढ्या काळात त्या दोन घराण्यांच्या वारशाची वाटणी झालेली नाही. आजच्या मासोळीच्या प्रत्येक पेशीत आईकडचा पूर्ण संच आणि वडिलांकडचा पूर्ण संच अजून शेजारी शेजारी आहेत, आणि तिच्या अंड्यातही ते दोन्ही तसेच उतरतात.

आज सकाळी या अंड्याचा विचार करूया. जगातल्या बहुतेक अंड्यांना जे करावं लागतं, ते हे अंडं करत नाही. ते निम्मं होत नाही.

आपल्या प्रत्येकाच्या जन्मामागे निम्मं होणं आहे. आईच्या शरीरातल्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात, पण तिच्या अंड्यात २३ उतरतात. वडिलांकडूनही २३ येतात. दोन निम्म्यांचं मिळून एक पूर्ण होतं. ऑगस्ट वाईसमान या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निव्वळ तर्कानं सांगितलं होतं, की बीजपेशी तयार होताना कुठेतरी ही निम्मी होण्याची पायरी असलीच पाहिजे, नाही तर दर पिढीला गुणसूत्रं दुप्पट होत जातील. ही पायरी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं अर्धगुणसूत्री विभाजन. पुस्तकात त्याची आकृती काढून गुण मिळवले की आपण ते विसरतो. पण त्यातला पहिला भाग मला फार विलक्षण वाटतो. आईकडून आलेलं प्रत्येक गुणसूत्र वडिलांकडून आलेल्या आपल्या जोडीदाराला पेशीच्या गर्दीत शोधून काढतं. दोघं टोकापासून टोकापर्यंत एकमेकांना लागून उभी राहतात. काही तुकड्यांची अदलाबदल करतात. मग एक इकडे जातं, एक तिकडे. ही जुळणी झाल्याशिवाय पुढची वाटणी नीट होऊच शकत नाही. जुळणी चुकली तर पेशी स्वतःला थांबवते, बहुतेक वेळा मरूनही जाते.

संकराची अडचण नेमकी इथे येते. आई एका जातीची, वडील दुसऱ्या जातीचे. दोन संच एका शरीरात सुखानं राहतात, हाडं-स्नायू-मेंदू सगळं उत्तम घडवतात, पण अंडं किंवा शुक्राणू करायची वेळ आली की एकमेकांना ओळखत नाहीत. खेचर हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. घोड्याची ६४ गुणसूत्रं, गाढवाची ६२, खेचराची ६३. डोंगरवाटांवर ओझी वाहण्यात खेचराच्या तोडीचं जनावर नाही, पण त्याला पिल्लू होत नाही. संकर म्हणजे वांझपण अशी समजूत आपल्या मनात बसलेली आहे, ती अशा जनावरांमुळे.

काही माशांच्या संकरित माद्यांनी मात्र या अडचणीतून वाट काढली आहे. ‘काढली’ म्हणताना त्यात हेतू किंवा शहाणपण नाही, हे मला माहीत आहे. पेशीत एक घटना घडते आणि ती टिकते, एवढंच. पण ती कशी घडते हे समजून घेतलं की मन थक्क होतं.

युरोपच्या नद्यांच्या तळाशी वाळूत लपून राहणारे, बारीक मिशांचे लोच मासे असतात. लोच कुळातले मासे सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. युरोपातल्या लोचच्या दोन जाती घ्या. कोबायटिस इलाँगाटॉइडिस या जातीची ५० गुणसूत्रं, कोबायटिस टीनिया या जातीची ४८. त्यांच्या संकराला एकीकडून २५ आणि दुसरीकडून २४ अशी ४९ मिळतात. या संकरातले नर वांझ असतात. माद्या अंडी घालतात, आणि त्या अंड्यांत ४९ च्या ४९ गुणसूत्रं असतात.

हे कसं होतं, याचा शोध झेक प्रजासत्ताकातल्या लिबेखोव्ह इथल्या प्रयोगशाळेत कारेल यांको आणि द्मित्रो देदुख यांच्या गटानं घेतला. त्यांनी संकरित माद्यांच्या अंडाशयातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. अर्धगुणसूत्री विभाजनात शिरण्यापूर्वी काही पेशी आपल्या सगळ्या गुणसूत्रांची एक जादा प्रत काढतात आणि विभागत मात्र नाहीत. ४९ ची ९८ होतात. आता प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो, आणि तो परक्या घरातला नसतो, ती त्याची स्वतःचीच हुबेहूब प्रत असते. आईकडचं गुणसूत्र आपल्या प्रतीशी जुळतं, वडिलांकडचं आपल्या प्रतीशी. ४९ नीट जोड्या लागतात. तुकड्यांची अदलाबदल होते, पण दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे त्यानं काही बदलत नाही. मग नियमाप्रमाणे निम्मं होणं घडतं आणि ९८ ची ४९ उरतात.

म्हणजे या अंड्यानं नियम मोडलेला नाही. विभाजनाची प्रत्येक पायरी त्यानं पाळली. नियमाला सामोरं जाण्याआधीच ते दुप्पट झालं होतं, म्हणून निम्मं होऊनही पूर्ण उरलं. जपानमधल्या मेडाका या भातखाचरांतल्या माशाचा चीनमधल्या एका बहीण-जातीशी संकर केला, तेव्हा त्या संकरित माद्यांनीही पूर्ण संचाची अंडी दिली. जपानच्या होक्काइडो बेटावरच्या डोजो लोचच्या काही वंशांतही हीच जादा प्रतीची रीत सापडली आहे. इतक्या दूरदूरच्या माशांमध्ये तीच युक्ती स्वतंत्रपणे उभी राहिलेली दिसते.

पण या यशाची दुसरी बाजूही त्याच संशोधनात दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. संकरित मादीच्या अंडाशयातल्या बहुसंख्य पेशी ही जादा प्रत काढतच नाहीत. त्या ४९ एकट्या गुणसूत्रांसह विभाजनात शिरतात, जुळणी करू पाहतात, जुळत नाही आणि तिथेच अडकतात. त्यांचं अंडं कधीच होत नाही. थोड्याच पेशी दुप्पट होऊन पलीकडे पोहोचतात. आपल्याला बाहेरून दिसतो तो अंड्यांनी भरलेला मासा. आत त्याच अंडाशयात वांझपण आणि सुपीकपण शेजारी शेजारी नांदत असतं. संकर एक तर फळतो नाही तर फसतो, असं आपण मानतो. इथे एकाच शरीरात दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आणि नर? तो वांझ का? त्याच्या पेशींत ती क्षमताच नाही का? या गटानं याचीही परीक्षा घेतली. संकरित नराच्या वृषणातल्या मूळ पेशी काढून त्यांनी शुद्ध जातीच्या पिल्लांच्या शरीरात बसवल्या. नर पिल्लांत वाढलेल्या पेशी वांझच राहिल्या. मादी पिल्लांत वाढलेल्या त्याच पेशींनी मात्र जादा प्रत काढली आणि पूर्ण संचाची अंडी तयार केली. क्षमता नराच्या पेशीत होती, तिला अंडाशयाची जागा मिळाली नव्हती. शास्त्रीय निबंधांत हे दोन-चार कोरड्या वाक्यांत येतं. मी ते वाचलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही. ज्याला आपण उपजत उणीव म्हणतो, त्यातली किती खरोखर उपजत असते आणि किती न मिळालेल्या जागेची असते, हा प्रश्न लोचपुरता मर्यादित ठेवणं मला जमत नाही.

आता ॲमेझॉन मॉलीकडे परत येऊ, कारण तिची रीत वेगळी आहे. ती जादा प्रत काढत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या अंडपेशींत ४६ गुणसूत्रं सुटी सुटी दिसली. कुणाची कुणाशी जुळणी नाही, अदलाबदल नाही. ज्या पहिल्या विभाजनात संख्या निम्मी व्हायची, तेच ती गाळते. राहिलेलं दुसरं विभाजन साध्या पेशीविभाजनासारखंच असतं, त्यात संख्या घटत नाही. लोच दुप्पट होऊन परीक्षेला बसते, मॉली परीक्षेलाच बसत नाही. निकाल दोघींचा एकच.

या अंड्याची एक गरज मात्र सुटलेली नाही. गुणसूत्रांनी ते भरलेलं असलं, तरी वाढायला आपण होऊन सुरुवात करत नाही. त्यासाठी शुक्राणूचा स्पर्श लागतो. आणि स्वजातीत तर नर नाही. म्हणून ॲमेझॉन मॉली शेजारच्या जातींच्या नरांकडे जाते, बहुतेक करून त्याच दोन जातींच्या, ज्यांच्यापासून ती स्वतः आली. नराचा शुक्राणू अंड्यात शिरतो, वाढ सुरू होते, आणि त्याचा वारसा टाकून दिला जातो. जन्मणाऱ्या पिल्लात त्या नराचं काहीच नसतं. लोचच्या संकरित माद्यांचंही तसंच.

नर यात का पडतो, हा प्रश्न बरीच वर्षं अभ्यासकांना सतावत होता. १९९४ साली टेक्सासमधल्या एका प्रयोगातून एक उत्तर मिळालं. सेलफिन मॉलीच्या माद्या, एखादा नर ॲमेझॉन मादीबरोबर असताना दिसला की त्याच नराला अधिक पसंती देतात. वारसा वाया जातो, पण स्वजातीत भाव वाढतो. हे उत्तर पुरेसं आहे असं मला वाटत नाही, पण त्यातून एवढं तरी कळतं, की या नात्यात केवळ एकाच बाजूची लूट नाही.

कधीकधी शुक्राणूचा वारसा टाकला जात नाही. तो अंड्यातल्या दोन संचांत मिसळतो आणि तीन संचांची मासोळी जन्मते. लोचमध्ये हे वारंवार घडतं. युरोपच्या कित्येक नद्यांत तीन संचांच्या लोच माद्या मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्याही न निम्म्या होणारी अंडीच घालतात. म्हणजे आलेला नवा पाहुणा कायमचा घरचा होतो.

इथे एक भारतीय दुवा आहे आणि तो मला सांगायचाच आहे. ॲमेझॉन मॉलीच्या सगळ्या लेकी खरोखर आईची हुबेहूब प्रत आहेत का, हे तपासायला पूर्वी डीएनएच्या चाचण्या नव्हत्या. क्लाउस कालमन या संशोधकानं ऊतकाचा तुकडा एका मासोळीतून काढून दुसरीच्या अंगात बसवला. परक्याचं ऊतक शरीर नाकारतं, स्वतःचं स्वीकारतं. एकाच वंशातल्या माद्यांनी एकमेकींचं ऊतक स्वीकारलं. हा निबंध १९६२ साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये आला. ते नियतकालिक तेव्हा भारतातून संपादित होत होतं, कारण त्याचे संपादक जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले होते आणि येताना ते बरोबर घेऊन आले होते. हाल्डेन यांनी १९२२ सालीच संकरातल्या वांझपणाबद्दल एक नियम मांडला होता, तो आजही त्यांच्या नावानं शिकवला जातो. ते भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. मेक्सिकोच्या ओढ्यातल्या एका मासोळीच्या बहिणीबहिणींची ओळख पटवणारा कागद आपल्या देशातून छापायला गेला, याचा मला आनंद वाटतो.

वारशाची अदलाबदल नसेल तर जात फार काळ टिकू नये, असं शास्त्र सांगत होतं. प्रत्येक पिढीत बारीकसारीक बिघाड साचत जातात. निम्मं होताना आणि नव्यानं जुळताना काही बिघाड गाळले जातात. ज्यांच्यात हे घडतच नाही त्यांच्यात ते साठत जाऊन शेवटी वंश बुडावा, हा हर्मन मुलर यांचा प्रसिद्ध युक्तिवाद. २०१८ साली ॲमेझॉन मॉलीचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात अपेक्षित ऱ्हास फारसा दिसला नाही. दिसलं ते मूळच्या दोन जातींमधलं वैविध्य, लाख वर्षांनंतरही शाबूत. एक प्रत बिघडली तरी दुसऱ्या घराण्याची प्रत काम सांभाळते, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

मग प्रत्येक संकर असंच का करत नाही? कारण हे घडणं फार दुर्मिळ आहे. अटलांटिक मॉली आणि सेलफिन मॉली यांचे संकर प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा करून पाहिले गेले. पिल्लं झाली, पण त्यांत नरही होते, आणि नवी ॲमेझॉन मॉली काही तयार झाली नाही. जनुकांच्या तपासणीवरून असं दिसतं, की आजच्या सगळ्या ॲमेझॉन मॉली एकाच मूळ घटनेच्या लेकी आहेत. दोन जाती शेजारी राहतात, त्यांचे मार्ग लाख वर्षं एकमेकांना छेदत आहेत, आणि हे एकदाच नीट जमलं.

आणि त्या सगळ्या लेकी एकसारख्याच असतात का? २०१७ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी नवजात ॲमेझॉन मॉली जन्मापासून एकेकटीला तंतोतंत सारख्या टाक्यांत वाढवून पाहिलं. जनुकं एक, पाणी एक, खाणं एक. तरीही मोठी झाल्यावर कुणी जास्त हिंडणारी निघाली, कुणी कमी, आणि हे फरक त्या त्या मासोळीत टिकून राहिले. वारसा कणभरही न बदलता मिळाला तरी स्वभाव स्वतंत्र घडला.

माणसानं या अंड्याचा उपयोगही केला आहे. चीनच्या हुनान प्रांतात लिऊ शाओजुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल क्रूशियन कार्प मादी आणि कॉमन कार्प नर यांचा संकर केला. दोन्ही जातींची गुणसूत्रं १००, संकराचीही १००. दुसऱ्या पिढीच्या संकरानं पूर्ण संचाची अंडी आणि पूर्ण संचाचेच शुक्राणू दिले, आणि तिसऱ्या पिढीत २०० गुणसूत्रांचा मासा जन्मला. त्याचा वंश विसाहून अधिक पिढ्या टिकला आहे. त्या नराचा साध्या मादीशी मेळ घातला की १५० गुणसूत्रांचे, वांझ आणि भराभर वाढणारे मासे मिळतात. ते तिथल्या तळ्यांत खाण्यासाठी वाढवले जातात.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट लिबेखोव्हच्या गटानं २०१८ साली मांडली. दोन जाती एकमेकींपासून किती दूर गेल्या आहेत, यावर त्यांच्या संकराचं भवितव्य बरंचसं ठरतं. फार जवळच्या असतील तर संकर नेहमीसारखा निम्मा होतो, दोन्हीकडच्या माशांशी मिसळतो, आणि हळूहळू दोन जातींमधली सीमा पुसट होते. फार दूरच्या असतील तर संकर वांझ निघतो किंवा जगतच नाही. मधल्या अंतरावर हे न निम्मं होणारं अंडं दिसतं. आणि त्याचा परिणाम आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट असतो. या लेकी दोन्ही घराण्यांचा वारसा बाळगतात, पण तो कुठल्याच घराण्यात परत सोडत नाहीत. त्यांच्यामार्फत एका जातीची जनुकं दुसरीत जात नाहीत. संकर भरपूर होतो, संकरित माद्यांनी नद्या भरतात, तरीही दोन मूळ जाती आपापल्या जागी वेगळ्या राहतात. मिश्रणानं मूळ नासतं ही भीती माणसानं जनावरांबद्दल बाळगली आणि माणसांबद्दल तर फारच क्रूरपणे बाळगली. माणसांच्या बाबतीत तिला कधीच आधार नव्हता, कारण आपण सगळे एकाच जातीचे जीव आहोत. माशांच्या बाबतीतही ती सरसकट खरी नाही. कुठला संकर काय करतो हे त्या दोन जातींमधलं अंतर पाहून, पेशीत डोकावूनच सांगावं लागतं.

म्हणूनच आपल्या घरच्या माशांबद्दल बोलायला हवं. रोहू, कटला आणि मृगळ या तिघांचीही गुणसूत्रं ५०. रोहू आणि कटला यांची गुणसूत्रं एकमेकांशी छान जुळतात. त्यांचा संकर वांझ नसतो आणि त्याचं अंडं पूर्ण संचाचंही राहत नाही. ते नीट निम्मं होतं, पुढच्या पिढीत मिसळतं, आणि तिच्याही पुढच्या. ज्या मधल्या अंतरावर लोचच्या लेकी आपोआप सीमा राखतात, त्याच्या बऱ्याच अलीकडे हे दोन मासे आहेत. इथे सीमा राखायची तर ती माणसानंच राखावी लागेल.

नदीत रोहू आणि कटला विणीच्या वेळी सहसा मिसळत नाहीत. मिसळण्याची सोय आपण केली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कुळातल्या माशांकडून बंदिस्त पाण्यात वीण करून घेतली. हाल्डेन भारतात आले त्याच वर्षीची ही गोष्ट. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि ते योग्यच आहे. त्या शोधानं महाराष्ट्रातल्या गावतळ्यांपर्यंत मत्स्यबीज पोहोचवलं, भोई समाजाच्या आणि मच्छीमार संस्थांच्या हाताला काम दिलं. पण घाईच्या हंगामात, प्रौढ मासे कमी पडले की काही बीजकेंद्रांत दोन-तीन जातींचे नर आणि माद्या एकाच गोल कुंडात सोडल्या जातात. अंडी आणि शुक्राणू एकाच पाण्यात फिरतात आणि संकर होतो. तो संकर खायला वाईट नसतो, तळ्यात वाढतोही बरा. धोका आहे तो पुढे. असं बीज धरणात आणि नदीत गेलं, तिथे विणीला आलं, की शुद्ध रोहू आणि शुद्ध कटला पिढ्यान्‌पिढ्या थोडेथोडे कमी होत जातात. एकदा मिसळलेली गुणसूत्रं वेगळी काढून द्यायची कुठलीही रीत आपल्याजवळ नाही.

तळं घेणाऱ्या, बोटुकली विकत घेणाऱ्या आणि बीजकेंद्र चालवणाऱ्या माझ्या वाचकांना म्हणून एक विनंती करतो. पावसाळा जवळ आला की बीज घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा, की रोहू आणि कटला यांची वीण वेगवेगळ्या कुंडांत केली होती का. नीट उत्तर मिळालं नाही तर ते बीज घेऊ नका, आणि घेतलंच तर ते आपल्या तळ्यातच ठेवा, नदीत किंवा धरणात सोडू नका.